३१५ अंशांचा चकवा

‘वाऱ्याची दिशा २४० अंश.’ सिम्युलेशनच्या, म्हणजे वारा-लाटांच्या संगणकी मॉडेलच्या, फाइलीत एवढंच लिहिलेलं असतं. चक्रीवादळ जवळ आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर जे रंगीत बाणांचे व्हिडिओ फिरतात, तेही असल्याच आकड्यांवरून काढलेले असतात. बाण रेखीव दिसला की तो खरा, अशी आपली समजूत. पण दोन गोष्टी ठाऊक असल्याशिवाय २४० या आकड्याला काहीच अर्थ नाही. कोन कुठून, कुठल्या बाजूने मोजला? आणि वारा येतो तिकडची दिशा दिली आहे, की जातो तिकडची?

हवामानशास्त्रात शून्य म्हणजे उत्तर. तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. दिशा सांगायची ती वारा जिथून येतो तिची. शाळेच्या भूमितीत मात्र शून्य म्हणजे क्ष-अक्ष, नकाशावरची पूर्व. कोन काट्यांच्या उलट वाढतो आणि बाणाचं टोक असेल ती दिशा. समुद्रप्रवाहाची तऱ्हा तिसरीच: कोन होकायंत्राचा, पण दिशा प्रवाह जातो तिकडची. म्हणून जुलैतल्या कोकण किनाऱ्याच्या नोंदीत वारा २४० आणि प्रवाह १६५ असे आकडे शेजारी दिसले, तर वारा नैऋत्येकडून येतोय आणि पाणी किनाऱ्यालगत दक्षिणेकडे चाललंय, असं वाचायचं.

सॉफ्टवेअर यातली कुठली पद्धत धरेल ते ज्याच्या-त्याच्या घडणीवर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात घडलेलं ‘स्वान’ हे लाटांचं सॉफ्टवेअर वेगळं काही सांगितलं नाही तर भूमितीची पद्धत धरून चालतं. हवामानशास्त्राची हवी असेल तर ‘नॉटिकल’ असा आदेश फाइलीत लिहावा लागतो. तो राहिला तरी गणित अडत नाही, कसलीही सूचना येत नाही, आणि उत्तर चुकीचं येतं.

एका पद्धतीतून दुसरीत जायचं सूत्र सोपं आहे. हवामानाचा कोन २७० मधून वजा करा की भूमितीचा कोन मिळतो. उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवा. २४० चे ३० होतात, म्हणजे वारा पूर्वेपासून उत्तरेकडे ३० अंश कललेल्या दिशेने जातोय. वेग सेकंदाला १० मीटर असेल तर पूर्वेकडचा घटक ८.६६ आणि उत्तरेकडचा ५. तोच २४० थेट भूमितीचा कोन म्हणून वाचला तर पूर्वेचा घटक उणे ५ आणि उत्तरेचा उणे ८.६६ येतो. किनाऱ्यावर आदळणारा वारा खोल समुद्राकडे वळला!

एवढी ढळढळीत चूक लगेच सापडायला हवी. सापडत नाही, आणि त्याचं कारण कोकणातच आहे.

२७० मधून ३१५ वजा करा. उणे ४५ येतात, ३६० मिळवले की पुन्हा ३१५. म्हणजे ३१५ हा वाऱ्याचा आकडा हवामानाच्या पद्धतीने वाचा की भूमितीच्या, वारा वायव्येकडून आग्नेयेकडेच जातो. (१३५चंही तसंच, पण तो वारा इथे क्वचित.) आणि फेब्रुवारी ते मे या काळात कोकण किनाऱ्यावर दुपारी भर असतो तो नेमका वायव्येच्या वाऱ्याचा. समुद्रात उपकरणं सोडायची, मोजमापं घ्यायची, ती याच उघडिपीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा खवळलेल्या दर्यात मोजमापाला होडी कोण घालणार? साहजिकच मॉडेल ताडून पाहिलं जातं ते उन्हाळ्यातल्या वाऱ्यावर. ते जुळतं, आणि चुकीच्या पद्धतीवर बरोबरचं शिक्कामोर्तब होतं.

वारा ३१५ पासून जितका सरकेल, त्याच्या दुप्पट चूक होते. ३०० अंशांना ३० अंशांची. एवढा फरक मॉडेलवाले भरती-ओहोटीच्या किंवा तळाच्या चढउताराच्या माथी मारून मोकळे होतात. पावसाळी वारा २७० वर असला की चूक ९० अंशांची, आणि नेमक्या नैऋत्येला, २२५ वर, पूर्ण १८० अंशांची. ज्या ऋतूत अंदाजाची खरी गरज, त्याच ऋतूत बाण उलटा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतं. ऑगस्टातल्या अशा अपघातात तेल कुठल्या पुळणीला लागेल हे विचारल्यावर असं मॉडेल ‘खोल समुद्रात जाईल’ असं बिनधास्त सांगेल.

मॉडेल समुद्राचे चौकोन पाडून त्यांच्या जाळ्यावर गणित करतं. या जाळ्याच्या फिरवणीत आणखी एक खोच आहे. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा उत्तर-दक्षिण रेषेला सुमारे १५ अंश तिरपा आहे, म्हणून गणिताचं जाळं किनाऱ्याला समांतर फिरवून घेतात. ही फिरवणी भूमितीत अधिक १५ आणि होकायंत्राच्या हिशेबात उणे १५. चिन्ह चुकलं तर जाळ्याचा उभा अक्ष किनाऱ्यापासून ३० अंश ढळतो. हे निदान नकाशावर दिसतं तरी. जाळं फिरवलं आणि वाऱ्याचे घटक मात्र खऱ्या पूर्व-उत्तरेचेच ठेवले, तर ती १५ अंशांची चूक डोळ्यांना दिसत नाही. घटकांवरून कोन काढतानाही जपायला हवं. ‘एटॅन-टू’ हे फलन पायथनमध्ये आधी य आणि मग क्ष मागतं, एक्सेलमध्ये आधी क्ष आणि मग य.

चक्रीवादळात तर दिशा प्रत्येक गावाला वेगळी. उत्तर गोलार्धात वारा केंद्राभोवती काट्यांच्या उलट फिरतो. केंद्रापासून गाव ज्या दिशेला आहे तो होकायंत्राचा कोन घ्या आणि ९० मिळवा, की त्या गावात वारा कुठून येतो ते कळतं. दक्षिणेकडच्या गावाला १८० अधिक ९०, म्हणजे २७०. वारा थोडा केंद्राकडे ओढला जातो, त्यासाठी साधारण २० वजा करायचे, म्हणजे २५०. मिळवले तर हवा केंद्राबाहेर फेकली जाते आणि वादळ कागदावरच विरतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. या हिशेबाने दक्षिणेकडच्या श्रीवर्धनकडे वारा समुद्रावरून जमिनीकडे, तर उत्तरेला मुंबईकडे जमिनीवरून समुद्राकडे. फिरण्याची दिशा उलटी भरली तर पाणी मुंबईत चढेल आणि श्रीवर्धनला ओसरेल.

खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतल्या फरकाची भीती काही जण घालतात. कोकणात तो फार तर एखाद-दीड अंश, म्हणजे या सगळ्यापुढे किरकोळ. मोबाइलचं होकायंत्र घेऊन स्लॅबच्या घरात ईशान्य कोपरा शोधणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी मात्र खांबातल्या सळ्यांजवळ फोन नेऊन बघावा. एकाच खोलीत दोन-तीन ईशान्य कोपरे निघतील, आणि फी एकाचीच!

तपासायचं कसं? सगळा प्रवाह शून्य करा. काही मॉडेलं तरंगती वस्तू वाऱ्याच्या थोडी उजवीकडे वळवतात, तेही बंद करा. रत्नागिरीपासून ४० किलोमीटर पश्चिमेला मॉडेलमध्ये तेलाचा एक कण सोडा आणि २४ तास सेकंदाला १० मीटर वारा द्या, दिशा २७०. तेल वाऱ्याच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतं, म्हणून कण २६ किलोमीटर जायला हवा, तोही सरळ पूर्वेला. पश्चिमेला गेला तर ‘येतो’ आणि ‘जातो’ यांची अदलाबदल झाली आहे. दक्षिणेला गेला तर सॉफ्टवेअर अख्खी भूमितीची पद्धत वापरतंय. उत्तरेला गेला तर कोन भूमितीचा आहे आणि दिशा वारा येतो तिकडची. २७० ला चारही शक्यता चार दिशांना फुटतात. २२५ किंवा ३१५ घेतलं तर दोन-दोन शक्यता एकाच दिशेला जातात, म्हणून तिरपा वारा चाचणीला घेऊ नये.