विटाळ आणि पाप: एक आंघोळीनं जातो, दुसरं जात नाही

आमच्या वाड्यात शेजारी एक काका होते. पहाटे आंघोळ, मग कद नेसून दीड-दोन तास पूजा, आणि संध्याकाळी सायकल काढून दुसऱ्या पेठेत जायचे, कुणाकडे ते अख्ख्या आळीला माहीत होतं, काकूंनाही. माझी आजी त्यांच्या हातचं तीर्थ बिनदिक्कत घ्यायची. आणि हीच आजी माझ्या आईला महिन्यातले चार दिवस माठाला हात लावू द्यायची नाही, आम्ही पोरांनी विचारलं तर कावळा शिवला म्हणून सांगायची. लहानपणी मला कावळ्याचा राग यायचा, मोठी झाल्यावर आजीचा. ढोंगी वाटायची ती मला.

पण आता वाटतं ढोंगी नव्हती, तिच्याकडे दोन वेगळ्या वह्या होत्या एवढंच. काका पापी पण सोवळे, आई निष्पाप पण ओवळी. आपण "सगळे धर्म सेक्सला घाण का समजतात" असं विचारतो तेव्हा या दोन वह्या एकात मिसळतो आणि मग उत्तर काही जुळत नाही.

विटाळाची वही आधी बघू. इथे कुणी काही वाईट केलेलं असायची गरजच नाही. मूल झालं, आनंदाची गोष्ट, तरी सुवेर. घरात कुणी गेलं की सुतक. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर मजाच आहे, उलटी झाली किंवा जुलाब झाले तर आंघोळ करून तूप खावं, जेवल्यावर आचमन करावं आणि संबंधानंतर आंघोळ करावी, हे सगळं एकाच श्लोकात! म्हणजे संबंध बसवलाय उलटी-जुलाबाच्या पंक्तीला, चोरी-खुनाच्या नाही. ज्यूंच्या लेवीय ग्रंथातही तेच, नवराबायको एकत्र आले तर दोघांनी आंघोळ करायची आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध, विषय संपला. मुसलमानांत संबंधानंतर नमाजाआधी गुस्ल म्हणजे पूर्ण आंघोळ लागते, पण नवराबायकोचा संबंध हा गुन्हा तर नाहीच, उलट त्यात पुण्य आहे असं हदीस सांगते. शरीराच्या आतलं काही बाहेर आलं, जन्म झाला, मरण आलं, की देवासमोर जायच्या आधी थोडं थांबा, असा हा नियम. घड्याळ आणि पाणी, दोन्हींवर चालतो.

पापाची वही वेगळीच. हेतू लागतो, दुसऱ्याचं काहीतरी हिरावलेलं लागतं, आणि आंघोळीनं काही होत नाही. त्याच लेवीय ग्रंथात परस्त्रीगमनाला शिक्षा आहे मृत्यूची, दोघांनाही. कुराणात व्यभिचाराला 100 फटके आहेत, पण आरोप करणाऱ्यानं चार साक्षीदार आणले नाहीत तर त्यालाच 80, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. आणि मनुस्मृतीत परस्त्रीगमन येतं ते आठव्या अध्यायात, राजानं निवाडा करायच्या अठरा प्रकारच्या तंट्यांत, कर्ज, चोरी, शेताची हद्द यांच्या शेजारी. कारणही तिथेच दिलंय, यातून वर्णसंकर होतो. म्हणजे खरी काळजी कसली, तर मूल कुणाचं, जमीन कुणाला, पिंड कोण देणार, आणि जात कुठे जाणार. डीएनए टेस्ट नव्हती, गोळ्या नव्हत्या, बापाची खात्री करायचा एकच उपाय होता, बाईवर पहारा, आणि चोवीस तास फुकट पहारा देणारा देवाइतका स्वस्त पहारेकरी दुसरा कुठला मिळणार! (हे माझं मत, पटलं तर घ्या.)

हे हिशोब धर्मग्रंथात राहिले असते तरी ठीक होतं, पण ब्रिटिशांच्या 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 497 बघा. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला 5 वर्षांपर्यंत कैद, मात्र नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. बायकोच्या संमतीला काही किंमत नाही. शेत कुणाच्या परवानगीनं नांगरलं, तसा मामला. सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं 27 सप्टेंबर 2018 ला.

आणि दुसऱ्याच दिवशी, 28 ला, केरळातल्या शबरीमला मंदिरातली बायकांवरची बंदी उठवणारा निकाल आला, 4 विरुद्ध 1. ती केस मला इथे सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण तिथे दोन्ही वह्या एकमेकींत शिरल्या होत्या. 10 ते 50 वयाच्या बायकांना बंदी का, तर एक उत्तर होतं की पाळी येते म्हणून 41 दिवसांचं व्रत पूर्ण होत नाही, हा विटाळ. दुसरं उत्तर, तिथला देव अय्यप्पा नैष्ठिक, म्हणजे कायमचा, ब्रह्मचारी आहे, म्हणजे बाईचं नुसतं असणंच मोह. एका उत्तरात ती चार दिवस थांबून नळाखाली गेली की मोकळी, दुसऱ्यात ती पन्नाशीपर्यंत संशयित. टीव्हीवरच्या चर्चांत लोक एका उत्तरावर हरले की दुसऱ्यावर उडी मारत होते.

ही सरमिसळ जुनीच आहे. ख्रिस्ती धर्मात तर ऑगस्टीन या धर्मपंडितानं आदिपाप, म्हणजे आदम-हव्वाचं पहिलं पाप, पिढ्यानपिढ्या पुढे जातं ते वासनेच्या वाटेनं असं मांडलं आणि लग्नातल्या सुखावरही सावली पडली. उलटी खटपट करणारेही होते. आपल्याकडे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीबद्दल सरळ सांगितलं की नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ, तसंच हेही, त्यात विटाळ कसला. चोखोबांच्या सोयराबाईनं तर विचारलं की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा राहिला कोण? तिच्या घराला विटाळ हा शब्द दोन्ही बाजूंनी लागत होता, बाई म्हणूनही आणि जात म्हणूनही.

आजी गेली तेव्हा आम्हाला दहा दिवस सुतक. घरातल्या देवांची पूजा बाहेरच्या, भाऊबंदकीत नसलेल्या माणसानं करायची. कोण आलं असेल? तेच काका, कद नेसून, घंटा वाजवत, आणि आई उंबऱ्याबाहेरून त्यांना फुलं कुठे ठेवलीयत ते सांगत होती.