जनावरांच्या औषधाचं लेबल खोटं वाटलं तर: ठाणे-नवी मुंबईत तक्रार कुठे आणि कशी करायची

औषधाची शंका आली की बहुतेक पशुपालक बाटली घेऊन आधी दुकानदाराशी भांडायला जातात. प्रकरण तिथेच हातचं जातं. दुसऱ्या दिवशी त्या बॅचची एकही बाटली दुकानात सापडत नाही. तुमची उघडलेली बाटली हा कच्चा पुरावा. पक्का पुरावा म्हणजे दुकानात पडून असलेला त्याच बॅचचा सीलबंद माल, आणि तो अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकानेच रीतसर घ्यावा लागतो. म्हणून आधी तक्रार, भांडण नंतर.

औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० जनावरांच्या औषधांनाही लागू आहे. लेबलवर औषधाचं मूळ नाव, घटकांचं प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत हवी. शिवाय ‘माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाची ओळ आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चिन्ह हवं. दुभत्या जनावराच्या औषधावर आणखी एक गोष्ट लागते, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: औषध दिल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही, तो कालावधी. उत्पादकाने तो चाचणी करून ठरवला नसेल, तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात.

बाटली उजेडात धरून बघा. खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळतो का? मुदतीच्या जागी वेगळा स्टिकर आहे का? असला तर नखाने खरवडू नका, तसाच राहू द्या. खालची जुनी तारीख निरीक्षकासमोर निघाली तरच उपयोग.

बरीच फसवणूक ‘पशुखाद्य पूरक’ या नावाखाली होते. डब्यावर पूरक खाद्य म्हणायचं आणि खाली ‘कासदाह बरा होतो’, ‘ताप उतरतो’ असं छापायचं. रोग बरा करण्याचा दावा केला की कायद्याच्या नजरेत ते औषध होतं, मग त्याला औषध-उत्पादनाचा परवाना लागतो. विनापरवाना उत्पादन-विक्रीला ३ ते ५ वर्षं कैद आणि किमान १ लाख रुपये दंड आहे. अशा डब्याची तक्रार करताना दाव्याची ओळ शब्दशः उतरवून काढा, कारण सगळा भार तिच्यावरच असतो.

तबेल्यांत पान्हा सोडवण्यासाठी बिनलेबलाच्या बाटलीतून टोचतात ते ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) तर वेगळंच प्रकरण. हे इंजेक्शन एकेक नगाच्या ब्लिस्टर पॅकमध्येच विकायचं असतं. प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटलीत सुटं मिळालं तर शंकेला दुसरं कारण नको. जनावराच्या तब्येतीला अपायकारक असं काहीही दूध वाढवायला टोचणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे, आणि तो टोचणाऱ्याबरोबर टोचू देणाऱ्या मालकावरही लागतो.

तक्रार कुणीही करू शकतं. जनावर तुमचं असायला हवं असं नाही. तक्रारीला शुल्क नाही. भिवंडी, कल्याण, मुरबाड, शहापूर, तसंच ऐरोली ते बेलापूर हा सगळा ठाणे जिल्हा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं वागळे इस्टेटमधलं कार्यालय. खारघर, कामोठे, पनवेल नवी मुंबईत मोजले जात असले तरी जिल्हा रायगड. अर्ज तिकडच्या कार्यालयाकडे द्यायचा. चुकीच्या जिल्ह्यात दिलेला अर्ज पुढे पाठवला जातो, पण तोवर माल हलतो. घाई असेल तर टोल-फ्री १८००-२२२-३६५ वर आधी कळवा.

साध्या कागदावर मराठीत लिहा: औषधाचं नाव, बॅच, मुदत, दुकानाचा पत्ता, खरेदीची तारीख, डोळ्यांना दिसलेला दोष. मिथ्याछाप (खोट्या किंवा अपुऱ्या लेबलचं), बनावट की भेसळीचं, हे तुम्ही ठरवू नका. तो निष्कर्ष प्रयोगशाळेचा. सोबत बिल, लेबलचे चारही बाजूंचे फोटो, पशुवैद्याची चिठ्ठी. बिल नसेल तरी तक्रार होते, पण दुकानदार ‘आमच्याकडचं नाही’ म्हणून मोकळा होतो. बाजारात किंवा जत्रेत फिरत्या विक्रेत्याकडून घेतलं असेल तर निदान जागा, दिवस आणि गाडीचा नंबर तरी द्या. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

निरीक्षक आला की नमुन्याचे चार भाग करतो: एक दुकानदाराला, एक शासकीय विश्लेषकाकडे (सरकारी प्रयोगशाळेतल्या तपासनिसाकडे), एक न्यायालयासाठी, एक दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतल्याचं सांगितलं त्या पुरवठादाराला. विश्लेषकाला ६० दिवसांची मुदत असते. अहवालाला आव्हान द्यायचं तर दुकानदाराने किंवा त्या पुरवठादाराने अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत तसं कळवावं लागतं. दरम्यान उरलेला माल २० दिवसांपर्यंत विकू नये असा लेखी आदेश निघू शकतो.

तुमच्याकडे न उघडलेली बाटली असेल तर १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ खाली स्वतःच तपासणी करून घेता येते, ठरलेलं शुल्क भरून. हा हक्क फक्त खरेदीदाराला किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला. त्यासाठी नमुना १४-ए भरतात. त्यात माल घेतला तसाच आहे, छेडछाड केलेली नाही, असं लिहून द्यावं लागतं. म्हणून लस किंवा थंडीत ठेवायचं औषध दोन दिवस गोठ्याच्या फळीवर ठेवून मग हा अर्ज करू नये. अहवाल १४-बी नमुन्यात मिळतो.

जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. औषध प्रशासन कारवाई करतं, भरपाई देत नाही; ती मागायची तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत.