पार्श्वभूमी : न्यूक्लिओसोमची रचना आणि त्याची जागा

न्यूक्लिओसोम म्हणजे हिस्टोन या प्रथिनांच्या गाभ्याभोवती डीएनए गुंडाळून बनलेले एकक. आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींच्या केंद्रकांतून एक आम्लारीधर्मी प्रथिन वेगळे केले आणि त्याला हिस्टोन हे नाव दिले. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या पेशींत केंद्रकच नसते, त्यामुळे हे काम पक्ष्यांच्या रक्तावर होणे ओघानेच आले. पुढची जवळपास नव्वद वर्षे हिस्टोन डीएनएला चिकटून असतात, एवढेच निश्चितपणे सांगता येत होते. ते जनुकांना दाबून ठेवत असावेत, ही कल्पना १९५० मध्ये एडिंबरोच्या स्टेडमन दांपत्याने मांडली. पण हिस्टोनचे मुख्य प्रकार अवघे पाच निघाले. त्यातच १९६९ मध्ये वाटाणा आणि गाय यांच्यातील एच-४ या प्रकारच्या हिस्टोनची तुलना झाली, तेव्हा १०२ अमिनो आम्लांपैकी केवळ दोन ठिकाणी फरक आढळला. इतके एकसारखे प्रथिन हजारो जनुकांतले नेमके एखादे कसे ओळखणार, हा प्रश्न रास्त होता. उलट, वाटाण्यात आणि गाईत जे बदलले नाही त्याचे काम रचनेच्या मुळाशी असले पाहिजे, असाही त्याचा अर्थ निघत होता.

त्या काळी क्रोमॅटिनचे, म्हणजे केंद्रकातील डीएनए आणि प्रथिने यांच्या संयुक्त द्रव्याचे, चित्र क्ष-किरण विवर्तनावरून रेखाटले जात होते. मॉरिस विल्किन्स यांच्या गटाने १९६७ मध्ये डीएनएचा एकसलग वेटोळा सुचवला होता. हे चित्र मोडले ते एका विकरामुळे. ऑस्ट्रेलियातील ह्यूइश आणि बर्गॉइन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या यकृतातील केंद्रके घेतली आणि त्यांच्यातच असलेल्या डीएनए कापणाऱ्या विकराला काम करू दिले. तुकडे वाटेल त्या लांबीचे न पडता एका ठरावीक मापाच्या पटीत पडले आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर शिडीसारखे पट्टे उमटले. एकसलग वेटोळ्यातून अशी शिडी मिळणे शक्य नव्हते. ठरावीक अंतरावर विकराला पोहोचता येत होते आणि मधल्या भागाला कशाचे तरी संरक्षण होते. त्याच सुमारास एडा आणि डोनाल्ड ऑलिन्स यांना, तसेच स्वतंत्रपणे वुडकॉक यांना, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे कण दिसले.

या दोन्ही निरीक्षणांना अर्थ दिला तो रॉजर कॉर्नबर्ग यांच्या १९७४ च्या लेखाने. केंब्रिजमध्ये त्यांनी आणि जीन थॉमस यांनी एच-३ आणि एच-४ हे हिस्टोन द्रावणात दोन-दोनच्या चौकडीत राहतात, हे दाखवले होते. त्यावरून एच-२ए, एच-२बी, एच-३ आणि एच-४ यांचे प्रत्येकी दोन रेणू, म्हणजे एकूण आठ, आणि सुमारे २०० बेसजोड्यांचा (बेसजोडी हे डीएनएच्या लांबीचे एकक) डीएनए मिळून एक एकक होते, असे कॉर्नबर्ग यांनी सुचवले. डीएनए गाभ्याच्या आत की बाहेर, हे मात्र वेगळे ठरवावे लागले. तो बाहेरून गुंडाळलेला आहे, असे प्रारूप १९७४ मध्येच ओरेगनमधील व्हॅन होल्ड, सहस्रबुद्धे आणि शॉ यांनी मांडले (या यादीतले मधले आडनाव मराठी वाचकाला चटकन ओळखू यावे), आणि न्यूट्रॉन विकिरणाच्या प्रयोगांनी पुढच्या वर्षी त्याला दुजोरा दिला. ‘न्यूक्लिओसोम’ हे नाव १९७५ मध्ये पिएर शाँबाँ यांच्या स्ट्रासबुर्गमधील गटाकडून आले.

त्यानंतरचा रचनेचा प्रवास तसा सरळ आहे. आरन क्लुग यांच्या गटाने १९७७ मध्ये स्फटिकांवरून चपट्या चकतीचा आकार दाखवला, १९८४ मध्ये ७ अँगस्ट्रॉमच्या बारकाव्यापर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) मजल गेली आणि १९९७ मध्ये झुरिकमध्ये कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड व सहकाऱ्यांनी २.८ अँगस्ट्रॉमची रचना प्रसिद्ध केली. सुमारे १४७ बेसजोड्या हिस्टोनच्या गाभ्याभोवती जवळपास पावणेदोन वेढे घेतात. एवढ्या लांबीचा मोकळा डीएनए बऱ्यापैकी ताठ असतो. त्याला इतके वाकवायला ऊर्जा लागते, आणि ती किती लागेल हे बेसच्या क्रमावर अवलंबून असते.

न्यूक्लिओसोमच्या जागेचा वाद इथूनच सुरू होतो. जनुक चालू करणारे प्रथिन ज्या क्रमाला चिकटते तो क्रम न्यूक्लिओसोमच्या आत दबला, तर त्या प्रथिनाला सहसा तिथे पोहोचता येत नाही. म्हणून न्यूक्लिओसोम नेमका कुठे बसतो, याला महत्त्व आहे. एडवर्ड ट्रायफोनोव्ह आणि जोएल सुसमन यांनी १९८० मध्येच क्रोमॅटिनच्या डीएनएत काही बेसद्वये, म्हणजे लागोपाठच्या दोन बेसांच्या जोड्या, दर १०.५ बेसांच्या आसपास पुन्हा येतात, हे दाखवले होते. पुढे कोंबडीच्या १७७ न्यूक्लिओसोमच्या डीएनए-क्रमांवरून असे दिसले की ए आणि टी या बेसांनी समृद्ध (ए-टी समृद्ध) बेसद्वयांपाशी डीएनएच्या पिळातली अरुंद खाच गाभ्याकडे वळते आणि जी व सी या बेसांनी समृद्ध बेसद्वयांपाशी ती बाहेर राहते. जोनाथन विडम यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये निवडून काढलेला ‘६०१’ हा कृत्रिम क्रम हिस्टोनला इतका घट्ट धरतो की आजही प्रयोगशाळांत तोच वापरला जातो. याच विचाराचे टोक म्हणजे २००६ मधील सेगल, विडम आणि सहकाऱ्यांचा दावा: यीस्टमधील न्यूक्लिओसोमच्या सुमारे निम्म्या जागा केवळ डीएनएच्या क्रमावरून स्पष्ट करता येतात.

दावा आकर्षक होता, पण माझ्या मते मोजणीच्या साधनाकडे तेव्हा पुरेसे लक्ष गेले नाही. न्यूक्लिओसोमच्या जागांचे नकाशे मायक्रोकॉकल न्यूक्लिएज या ज्या डीएनए कापणाऱ्या विकराने बनत होते, ते विकर स्वतःच ए-टी समृद्ध जागी कापणे पसंत करते. म्हणजे ज्या कात्रीने न्यूक्लिओसोमची ओळख पटली, तिचाच कल नकाशात उतरण्याचा धोका होता. यीस्टचा डीएनए आणि शुद्ध हिस्टोन परीक्षानळीत एकत्र करून २००९ मध्ये दोन गटांनी तपासणी केली. विडम आणि सेगल यांच्या गटाला क्रमाचा प्रभाव मोठा वाटला, तर केविन स्ट्रुल यांच्या गटाला तो दुय्यम. पेशीत जनुकाच्या सुरुवातीला दिसणारा न्यूक्लिओसोमरहित पट्टा काही प्रमाणात परीक्षानळीतही तयार होत होता. त्यापुढची न्यूक्लिओसोमची शिस्तशीर रांग मात्र उमटत नव्हती. कॉर्नबर्ग आणि ल्युबर्ट स्ट्रायर यांनी १९८८ मध्ये या रांगेचे एक स्पष्टीकरण दिले होते: एक अडथळा पक्का असला, की शेजारचे न्यूक्लिओसोम दाटीमुळेच त्याच्या संदर्भाने रांगेत बसतात. फ्रँक पग यांच्या गटाने २०११ मध्ये त्याच मिश्रणात यीस्टच्या पेशींचा अर्क आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) घातले, तेव्हा रांग उमटली. एटीपीची ऊर्जा खर्चून न्यूक्लिओसोम सरकवणारी प्रथिने त्या अर्कात होती, आणि २०१६ पर्यंत अशी प्रथिने शुद्ध करून, एकेक घालून, कोणते काय करते हेही पाहता आले. दरम्यान २०१२ मध्ये विडम यांच्या प्रयोगशाळेतूनच, त्यांच्या निधनानंतर, यीस्टचा नवा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात विकर नव्हते, हिस्टोनवरच बसवलेल्या रासायनिक कात्रीने एकेका बेसजोडीच्या अचूकतेने डीएनए कापला होता.