त्रिएस्ते आणि फियुमे: गल्लत कुठे होते?

दोन्ही बंदरं आद्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला, एकमेकांपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर. दोन्ही एकेकाळी हाब्सबुर्ग साम्राज्यात होती. त्रिएस्ते ऑस्ट्रियाचं, फियुमे हंगेरीचं. शहरात इटालियन बोलणारे जास्त, भोवतालच्या गावांत स्लाव्ह. दोन्हींवर इटली आणि युगोस्लाव्हियाचा दावा, आणि दोन्ही काही काळ ‘मुक्त’, म्हणजे कुणाच्याच मालकीची नाहीत, अशी जाहीर झालेली. गल्लत होणारच.

पहिल्या महायुद्धानंतरचा गाजलेला प्रसंग फियुमेचा. १९१५च्या लंडनच्या गुप्त करारात मित्रराष्ट्रांनी इटलीला त्रिएस्ते कबूल केलं होतं, फियुमे नाही. त्यामुळे नोव्हेंबर १९१८ मध्ये इटलीचं सैन्य त्रिएस्तेच्या धक्क्यावर उतरलं, तेव्हा फारशी खळखळ झाली नाही. फियुमेवर मात्र सप्टेंबर १९१९ मध्ये कवी गाब्रिएले द’आनुंझियो बंडखोर सैनिक घेऊन चालून गेला. आपल्याच सरकारचा हुकूम मोडून! शेवटी डिसेंबर १९२० मध्ये इटलीच्या सैन्यानेच त्याला हुसकलं. ‘फियुमेचं मुक्त राज्य’ याच काळातलं. १९२४ मध्ये ते शहर इटलीकडे गेलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरची, १९४५ची गोष्ट वेगळी. युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो याच्या चौथ्या सैन्याला वाटेत आधी फियुमे लागत होतं, पण तिथे जर्मनांनी पक्की मोर्चेबांधणी केली होती. सैन्याचा मोठा भाग शहराला वळसा घालून त्रिएस्तेकडे धावला आणि १ मे रोजी आत शिरला. फियुमे पडलं ३ मे रोजी. जवळचं शहर नंतर आणि लांबचं आधी, कारण त्रिएस्तेकडे ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यातली न्यूझीलंडची तुकडीही निघाली होती. ती २ मे रोजी पोहोचली. जर्मन शिबंदीतल्या काहींनी युगोस्लाव्हांपुढे शस्त्रं ठेवायचं नाकारलं होतं. ते न्यूझीलंडवाल्यांना शरण गेले. (ही तुकडी ९ एप्रिलला सेनियो नदी ओलांडत होती. त्याच दिवशी, त्याच नदीवर मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.)

माझ्या मते सगळा फरक १ आणि २ मेमधल्या या एका दिवसात आहे. फियुमेत एकच सैन्य आलं आणि राहिलं. बहुसंख्य इटालियन कालांतराने निघून गेले आणि शहर युगोस्लाव्हियाचं रियेका झालं. त्रिएस्तेत दोन सैन्यं समोरासमोर उभी राहिली. युगोस्लाव्हांनी सुमारे चाळीस दिवस कारभार केला, धरपकड केली. पकडलेले कित्येक जण परतलेच नाहीत. १२ जूनला त्यांनी शहर सोडलं.

‘त्रिएस्तेचा मुक्त प्रदेश’ त्यानंतरचा, इटलीशी झालेल्या १९४७च्या तहातला. त्याला ठरलेला राज्यपाल कधी मिळालाच नाही. त्रिएस्ते शहर असलेला ‘अ’ विभाग ब्रिटिश-अमेरिकनांकडे, ‘ब’ विभाग युगोस्लाव्हांकडे. १९५४ मध्ये शहर इटलीच्या ताब्यात गेलं, ‘ब’ विभाग युगोस्लाव्हियाकडेच राहिला. दोन्ही देशांनी त्या सीमेवर करार करून शिक्कामोर्तब केलं ते थेट १९७५ मध्ये.