दोन रकान्यांत न मावणारा गोवा: मत आणि भाषा यांच्या गणिती प्रतिमानांची पार्श्वभूमी

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या मतदारापुढे दोनच खुणा होत्या. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा संघप्रदेश. कौल निःपक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षच १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला.

दोन महिन्यांत मतदार फिरला, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे आहे. कौलात सगळ्या गोव्याची मते एकत्र करून दोन ढीग मोजले गेले. निवडणुकीत गोव्याचे २८ मतदारसंघ होते आणि प्रत्येक ठिकाणी इतरांहून एक मत जास्त मिळवणारा निवडून येत होता. प्रश्न वेगळा आणि बेरजेची रीतही वेगळी. बेरजेची रीत निकाल बदलू शकते, हे फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से याने १७८५ मध्येच दाखवले होते. तीन पर्याय असले की बहुमताने ‘अ’ हा ‘ब’ला हरवतो, ‘ब’ हा ‘क’ला आणि ‘क’ पुन्हा ‘अ’ला, असे चक्र बनू शकते. १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी याचे व्यापक प्रमेय मांडले: तीन किंवा अधिक पर्याय असले की काही साध्या, वाजवी अटी एकाच वेळी पाळणारी बेरजेची रीत नसते.

मते एकमेकांच्या संगतीने कशी बदलतात, याचे गणित त्यानंतरचे. आज ‘मतदार प्रतिमान’ (व्होटर मॉडेल) म्हणून ओळखली जाणारी रचना १९७३ मध्ये क्लिफर्ड आणि सडबरी यांनी मांडली, तीही प्रदेशासाठी झगडणाऱ्या प्राणिजातींसाठी. १९७५ मध्ये हॉली आणि लिगेट यांनी तिला मतदाराचे रूप दिले. नियम एवढाच: यदृच्छेने एक माणूस निवडा, त्याचा एक शेजारी निवडा, शेजाऱ्याचे मत त्याला द्या, आणि हे पुन्हा पुन्हा करा. सर्वांच्या शेजाऱ्यांची संख्या सारखीच असेल, तर अखेर सगळे ‘फूल’ म्हणतील याची शक्यता फुलाच्या सुरुवातीच्या वाट्याएवढीच असते. माणसाला स्वतःची कारणे असतात, काही जण कधीच हलत नाहीत, हे या नियमात नाही. न हलणारे मोजकेच लोक दोन्ही बाजूंना ठेवले की एकमत होतच नाही. गोव्यासाठी हे प्रतिमान चालवताना ही दुरुस्ती पहिल्याच पायरीला हवी.

भाषांसाठी असे समीकरण २००३ मध्ये एब्रम्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी दिले. भाषा सोडून दुसरीकडे जाण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: दुसरीच्या भाषकांचा वाटा एका घातांकाला चढवून, आणि तिची प्रतिष्ठा शून्य ते एकच्या मापात. वेल्श, स्कॉटिश गेलिक, केचुआ यांच्या आकड्यांवरून घातांक १.३१ निघाला, अधिकउणे ०.२५. हे ‘अधिकउणे’ फार महत्त्वाचे आहे. एका भाषेची प्रतिष्ठा ०.६ धरा. घातांक १.३१ असेल तर तिचे भाषक सुमारे २१ टक्क्यांच्या वर असले की ती दुसरीला गिळते, खाली असले की स्वतः नष्ट होते. घातांक १.५६ धरला तर हा उंबरठा ३३ टक्क्यांवर जातो. १.०६ धरला तर एका टक्क्याच्याही बराच खाली येतो. एवढी अनिश्चितता असताना या समीकरणावरून एखाद्या भाषेच्या मृत्यूचे साल सांगणे मला बेजबाबदार वाटते.

त्याहून मोठी अडचण अशी की या समीकरणात दुभाषिक माणूसच नाही. २००५ मध्ये मीरा आणि पारेदेस यांनी स्पेनमधील गॅलिशियन व स्पॅनिश यांच्यासाठी दुभाषिकांचा तिसरा गट घातला आणि भाषांमधले साम्य मोजणारा एक आकडाही. साम्य पुरेसे असेल तर दोन्ही भाषा टिकतात, असे त्यांचे गणित सांगते.

गोव्यात हा तिसरा गट मधला गट नव्हेच, तो मुख्य प्रवाह आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या घरांत बोलणे कोंकणीतून, भजन-कीर्तन आणि वर्तमानपत्र मराठीतून, हे नेहमीचे. जनगणना मात्र मातृभाषा एकच नोंदते: २०११ मध्ये सुमारे ६६ टक्के कोंकणी, ११ टक्के मराठी. याशिवाय येणाऱ्या दोन भाषांची नोंद असते, पण त्या कुठे वापरतात ते कळत नाही. प्रतिष्ठाही एका आकड्यात बसत नाही. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतील कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामांसाठी मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. तियात्र हा गोव्याचा नाट्यप्रकार रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीवर उभा आहे. शाळेचा हिशेब आणखी निराळा.

म्हणून मला १९९७ चे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांचे प्रतिमान इथे अधिक उपयोगी वाटते. त्यात माणूस म्हणजे अनेक गुणांची यादी: घरची भाषा, शाळेची, पूजेची, वाचनाची, लिपी. पाचपैकी दोन गुण जुळले तर दोघांत देवाणघेवाण होण्याची शक्यता ४० टक्के, आणि झाली तर न जुळणारा एक गुण उचलला जातो. एकही न जुळल्यास बोलणेच नाही. अखेर सगळे एकसारखे तरी होतात, नाहीतर एकमेकांशी न बोलणारे पट्टे गोठतात. २००३ मध्ये क्लेम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अधूनमधून एखादा गुण उगाच बदलू दिला, तर हे गोठलेले पट्टे फुटतात. ही यादी भरायची तर सर्वेक्षणाचा प्रश्नच बदलावा लागेल. ‘तुमची भाषा कोणती’ याऐवजी घरी, देवळात किंवा इगर्जीत (चर्चमध्ये), बाजारात, कचेरीत आणि फोनवर लिहिताना कोणती, असे प्रसंगागणिक विचारावे, आणि लिपीचा रकाना वेगळा ठेवावा.