मधुमेहातील हृदयविकाराचा झटका : व्यायाम आणि वजन

मधुमेहात हृद्‌रोहिण्यांत (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत) मेदाचे थर लवकर आणि जास्त ठिकाणी साचतात. थर फुटून गुठळी अडकली की हृदयस्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराजवळ तलावपाळीला पहाटे फेऱ्या मारणारे अनेकजण ‘शुगर निघाली, म्हणून चालतो’ असे सांगतात. शुगर चालण्याने उतरते, यात वाद नाही. झटका नेमका कशाने टळतो, चालण्याने की वजन घटल्याने, हा मात्र वादाचा विषय आहे.

अमेरिकेतील ‘लुक अहेड’ चाचणीत टाइप २ मधुमेह आणि जादा वजन असलेले ५,१४५ जण होते. निम्म्यांना आहार-व्यायामाचा काटेकोर कार्यक्रम दिला. वर्षभरात त्यांचे वजन सरासरी ८.६ टक्के घटले. तरीही साडेनऊ वर्षांत झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू यांत लक्षणीय फरक पडला नाही व २०१२ मध्ये कार्यक्रम थांबवला गेला. पहिल्या वर्षी १० टक्के किंवा अधिक वजन घटलेल्यांत धोका सुमारे २१ टक्के कमी होता, असे २०१६ च्या फेरविश्लेषणात दिसले. पण असे लोक मुळातच वेगळे असू शकतात, हा आक्षेप रास्त वाटतो. चीनमधील दाचिंग येथे १९८६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७७ जणांवर सुरू झालेल्या अभ्यासात आहार-व्यायाम गटांत तीस वर्षांनी हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार २६ टक्क्यांनी कमी आढळले. सुरुवात लवकर व्हावी, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य ठरते. डॅलस येथील २००० सालच्या निरीक्षणात शारीरिक क्षमता कमी असलेल्या मधुमेही पुरुषांचा मृत्युधोका सुमारे दुप्पट होता, वजन कितीही असो.

वजनकाट्यावर आपल्याकडे फार विसंबता येत नाही. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा डॉक्टरांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. म्हणून भारतीयांसाठी कंबरेचे माप बघतात. पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटे, सलग दोन दिवसांहून जास्त खंड न पाडता. इन्सुलिन घेणाऱ्याने, शुगर एकदम फार उतरली तर म्हणून, खिशात साखरेची पुडी ठेवावी. मज्जातंतू बधिर झालेल्या मधुमेहींत छातीत कळ येईलच असे नाही : फेरी अर्धवट सोडून माणूस कठड्याला टेकतो, दरदरून घाम सुटतो, दम लागतो, आणि सोबत्यांना तो ‘पित्त झालंय’ म्हणतो. अशा वेळी घरी न पाठवता थेट ईसीजी काढायला न्यावे.