ज्वारीची मुळं, टारफुला आणि मायकोरायझा : पार्श्वभूमी

टारफुला (स्ट्रायगा) जमिनीवर दिसू लागतो तोपर्यंत बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं. मुळाला चिकटल्यापासून वर यायला त्याला चार ते सात आठवडे लागतात. त्या काळात जमिनीत ओल असूनही ज्वारीची पानं दुपारी वळतात, पेरं आखडतात आणि शेतकरी खताला किंवा बियाण्याला दोष देत राहतो. त्यामुळे या परजीवी तणाचा इतिहास फवारणीपेक्षा एका प्रश्नाभोवती जास्त फिरतो : धुळीएवढं हे बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं, मग नेमकं ज्वारीचं मूळ शेजारी आलं की उगवतं कसं?

बी लांबीला ०.२ ते ०.३ मिलिमीटर. एका झाडावर अशी हजारोंनी तयार होतात आणि दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. उगवण्याआधी बियाला आठवडा-दोन आठवडे ओल आणि २५ ते ३५ अंश तापमान मिळावं लागतं. एवढं मिळूनही ते लगेच उगवत नाही. मुळातून पाझरणारं एक विशिष्ट रसायन पोहोचलं, तरच अंकुर फुटतो. अंकुरात साठा इतका थोडा असतो की तीन-चार मिलिमीटरच्या आत मूळ सापडलं नाही तर काही दिवसांत तो मरतो. रसायन आलंच नाही आणि जमीन वाळली, तर बी पुन्हा सुप्तावस्थेत जातं.

ते रसायन पहिल्यांदा हाती लागलं १९६६ मध्ये, अमेरिकेत. त्याआधी दहा वर्षं, १९५६ मध्ये, कॅरोलायना राज्यांतल्या मक्यात टारफुला सापडला होता. तो काय आहे हे ओळखलं ते भारतातून तिकडे शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने. तिकडच्या तज्ज्ञांना ते तण अनोळखी होतं. त्यानंतर सुरू झालेल्या निर्मूलन मोहिमेत जमिनीत इथिलीन वायू सोडायचं तंत्र निघालं. हेक्टरी दीड किलोच्या आसपास वायू ट्रॅक्टरच्या फणांमागून जमिनीत सोडला की यजमान पीक नसतानाच बी फसून उगवतं आणि मरतं. हलक्या वालुकामय जमिनी, सरकारी पैसा आणि सक्तीचं विलगीकरण या तिन्हींच्या जोरावर तिथला टारफुला जवळजवळ संपला. आपल्याकडे सिलिंडर, यंत्र आणि खर्च यांचा हिशेबच बसत नाही, म्हणून ते तंत्र पुस्तकातच राहिलं.

१९६६ मध्ये वेगळं केलेलं रसायन, स्ट्रायगॉल, मात्र ज्वारीतून नव्हे तर कपाशीच्या मुळांतून मिळालं होतं. कपाशीवर टारफुला वाढतच नाही. मग आपल्यावर न जगणाऱ्या परजीवीला उगवायला लावणारं रसायन कपाशी का सोडते? जवळजवळ चाळीस वर्षं याचं पटणारं उत्तर कुणाकडे नव्हतं. तोवर कपाशीला ‘सापळा पीक’ (बी उगवायला लावून मारणारं पीक) म्हणून शिफारशीत बसवून सगळे मोकळे झाले. शिफारस बरोबरच होती.

उत्तर २००५ मध्ये जपानमधून आलं. मायकोरायझा, म्हणजे मुळात राहून पिकाला स्फुरद मिळवून देणारी बुरशी. तिचे तंतू मुळाजवळ आले की भराभर फांद्या फोडतात. ते घडवणारा घटक स्ट्रायगॉलच्याच कुळातला, म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन निघाला. मुळं ही रसायनं बुरशीला बोलावण्यासाठी सोडतात. परजीवी तो निरोप मधल्या मध्ये ऐकतो. कपाशीलाही मायकोरायझा हवा असतो, म्हणून तीही निरोप धाडते. पुढे २००७ मध्ये दिसलं की स्फुरदाची किंवा नत्राची उपासमार झाली की ज्वारीच्या मुळांतून हा पाझर वाढतो. उपाशी पीक मदत मागायला जास्त रसायन सोडतं आणि त्याच्याच शेजारी टारफुला जास्त उगवतो. हलक्या, उथळ, खत न मिळालेल्या रानात तो का माजतो, याचा मोठा भाग इथे उलगडतो. २००८ मध्ये आणखी एक गुंतागुंत पुढे आली : हेच रेणू झाडाच्या आत फुटव्यांवर ताबा ठेवणारं संप्रेरक म्हणूनही काम करतात. त्यांची निर्मितीच बंद केली तर भात आणि वाटाण्यात फुटवे बेसुमार येतात.

इथून पैदाशीचा वाद सुरू होतो.

टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या काही आफ्रिकी वाणांत उगवण घडवणारा पाझरच कमी असतो, हे आधीपासून ठाऊक होतं. २०१७ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. ते निकामी झालं की मुळातून ५-डीऑक्सीस्ट्रायगॉलऐवजी ओरोबँकॉल पाझरतं (दोन्ही स्ट्रायगोलॅक्टोनच). एकूण पाझर बंद होत नाही, रेणूचा एक भाग उलट्या बाजूला वळतो आणि टारफुल्याचं बी फारसं उगवत नाही. फुटवे बेसुमार सुटत नाहीत, मायकोरायझालाही ओरोबँकॉल चालतं. समर्थकांच्या मते प्रश्न सुटला.

तसा तो सुटलेला नाही. आफ्रिकेतले पारंपरिक वाण तपासले तेव्हा निकामी जनुक मुख्यतः टारफुल्याच्या पट्ट्यातच आढळलं, बाहेर विरळ. ते फुकट असतं तर सगळीकडे पसरलं असतं. झाड त्याची काहीतरी किंमत मोजतं असाच याचा अर्थ लावला गेला. जनुक संपादित केलेल्या रोपांतही प्रकाशसंश्लेषणाशी संबंधित जनुकांचं काम थोडं बदललेलं दिसलं. शिवाय चवळीवरची स्ट्रायगाची जात ओरोबँकॉलनेच उगवते. म्हणजे ज्वारी-चवळीच्या आंतरपिकात एक दार लावताना दुसरं उघडण्याची शक्यता राहते. आफ्रिकेतली मुख्य जात हर्मोंथिका परपरागीभवनाची आहे, त्यामुळे तिच्यातली विविधता मोठी. आजच्या कमी पाझरावरही समाधानी असलेली थोडी बियाणी उगवली, तर उद्याची पिढी त्यांचीच. आपल्याकडच्या एशियाटिका जातीचं गणित वेगळं : ती बहुतांशी स्वपरागीभवनाची, पण त्यामुळे गावोगावचे प्रकार निराळे. एका ठिकाणी टिकणारा वाण दुसरीकडे बळी पडतो तो बहुधा यामुळेच. डेन्सिफ्लोरा ही दुसरी जातही आपल्या ज्वारीवर येते, तिच्यावरची आकडेवारी तर फारच तोकडी.

या सगळ्यात एन-१३ हा ज्वारीच्या दुरा गटातला भारतीय वाण जवळजवळ बाजूला पडला. त्याच्या मुळातून पाझर भरपूर होतो, टारफुला उगवतोही. पण मुळाच्या आतल्या थराच्या भिंती जाड होतात आणि परजीवीची चूषकं (मुळात शिरून रस ओढणारे अवयव) पाण्याच्या नळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे मायकोरायझाचा निरोप अबाधित राहतो आणि जमिनीतला बियांचा साठा उगवून मरतो, असे दोन्ही फायदे. त्याचे जनुकभाग सुदानमधल्या लोकप्रिय वाणांत घालून २०१२ मध्ये तिथे वाण प्रसारितही झाले. अकोल्यासारख्या ठिकाणी टारफुलाग्रस्त शेतात, दर चाचणी-प्लॉटभोवती बळी पडणाऱ्या वाणाचे प्लॉट ठेवून, निवडीचं काम १९७०-८० च्या दशकांत झालं होतं. खरीप ज्वारी मागे हटून सोयाबीन-कपाशी आली, तसा तो धागा सैल सुटला. पाझर कमी करण्यात जेवढी बुद्धी खर्च झाली, तिच्या चौथाईनेही या दुसऱ्या वाटेकडे लक्ष गेलं असतं तर बरं झालं असतं.

शेतातल्या उपायांकडे आता या माहितीच्या उजेडात पाहता येतं. उपटणी फुलं येता येता करावी. फार लवकर उपटलं तर जमिनीखालून पुन्हा फुटतो, बोंडं भरल्यावर उपटून बांधावर टाकलं तर बी तिथेच पिकतं. उपटलेलं जाळावं. बी जनावरांच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं, म्हणून ग्रस्त रानातला कडबा खाल्लेल्या जनावरांचं शेण पूर्ण कुजल्याशिवाय शेतात टाकू नये. २,४-डी सोडियम सॉल्ट हे तणनाशक हेक्टरी साधारण एक किलो क्रियाशील घटक या प्रमाणात, टारफुला वर आल्यावर, ओळीच्या बुडाशी मारलं जातं. पण तुरीचं आंतरपीक असेल किंवा शेजारी कपाशी-द्राक्ष असेल तर ते विसरावं. त्याच पंपाने पुढे कपाशीवर फवारणी झाली आणि पानं बोटांसारखी चिंबली, अशी प्रकरणं दर हंगामात होतात.

मायकोरायझा मुळात लवकर शिरला तर नंतर पाझर कमी होतो, म्हणून त्याची वेळ महत्त्वाची. पेरणीच्या वेळीच तासात, बियाच्या खाली तीन-चार सेंटिमीटरवर तो पडला पाहिजे. काणी रोगासाठी गंधक चोळलेल्या बियाण्यालाच चिकटवला तर बुरशीनाशक गंधकाशी थेट गाठ पडते. स्फुरद भरपूर दिला की पाझर घटतो आणि टारफुलाही, पण बुरशी मुळात शिरायलाही टाळाटाळ करते. त्यामुळे पूर्ण डीएपी आणि मायकोरायझाची पिशवी एकत्र घेणं म्हणजे पिशवीचे पैसे वाया घालवणं.

२०२४ मध्ये आणखी एक बाजू उघड झाली. काही जमिनींतल्या आर्थ्रोबॅक्टर आणि स्यूडोमोनास जातींच्या जिवाणूंमुळे ज्वारीच्या मुळात सुबेरिनचा (मेणचट, भिंती घट्ट करणाऱ्या पदार्थाचा) थर वाढतो, आणि चूषक तयार व्हायला लागणारी संयुगंही हे जिवाणू मोडतात. एन-१३ मुळाच्या भिंती जाड करून जे साधतो, त्याच्या जवळपासचं काम जमिनीतले जिवाणू बाहेरून करून देतात. प्रयोग हर्मोंथिकावरचा आहे. एशियाटिका आणि डेन्सिफ्लोरावर, काळ्या आणि हलक्या अशा दोन्ही जमिनींत, तो आधी कुंड्यांत आणि मग ग्रस्त शेतात करून पाहावा लागेल.